एका देवळाला हेमाडपंती केल्याची नोंद

सोमवार, १७ जानेवारी १९७७, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका बैठ्या सरकारी कार्यालयात मी हजर झाले ती ही वेळ. मस्टरवर मात्र मी साडेदहा लिहिले, कारण माझ्या वरच्या सहाही सह्यांपुढे तेच लिहिलेले होते. भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. होऊन मला सात महिने झाले होते. तीन महिन्यांच्या हंगामी नेमणुकीत जुन्या देवळांचे दगड ओळखायचे, त्यांवर एक निबंध लिहायचा आणि त्या निबंधाच्या बळावर परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात जागा मिळवायची, असा माझा आराखडा होता. त्यात माणसांसाठी जागा ठेवलेली नव्हती.

ज्यांच्या मेजाकडे मला पाठवण्यात आले ते पन्नाशी उलटलेले, काटक गृहस्थ होते. गालांवर ताज्या आणि जुन्या अशा दोन्ही प्रकारच्या कापल्याच्या खुणा होत्या. त्यांनी मान वर न करता कागदांवरचा एक काळा, गुळगुळीत दगड माझ्यापुढे सरकवला.

"भूगर्भवाल्या ना तुम्ही? सांगा बरं, हे काय आहे?"

मी पिशवीतून भिंग काढले. दगड उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिला. "बेसॉल्ट. बारीक कणांचा. पोकळ्या जवळजवळ नाहीत."

"चूक. पेपरवेट आहे." त्यांनी दगड परत जागेवर ठेवला. "डोंगरात होता तंवर बेसॉल्ट असंन. बसा. चहा येऊन राहिला."

हे तुळशीराम गजभिये. पदाने ड्राफ्ट्समन. कार्यालयात त्यांना सगळे गजभियेजी म्हणत. गावोगाव हिंडून जुन्या वास्तूंचे नकाशे काढणे आणि एका जाडजूड नोंदवहीत त्यांची माहिती भरणे हे काम ते बावीस वर्षे करत होते. नोंदवहीला नऊ रकाने होते. सहाव्याचे शीर्षक 'शैली'. साऱ्या कार्यालयाचे गजभियेजींशी भांडण या एका रकान्यापुरते होते, आणि तेही बावीस वर्षांचेच होते.

या रकान्यात इतर सर्वजण एकच शब्द लिहीत: हेमाडपंती. शाळेत शिकवलेला त्याचा अर्थ असा. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाडपंत. त्याच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चुना न वापरता, घडीव दगड खाचा आणि खुंट्यांनी एकमेकांत अडकवून जी देवळे उभी राहिली ती हेमाडपंती. व्याख्या नेटकी आहे. तिचा प्रत्यक्ष वापर कसा होतो हे पाहण्यासाठी मी पहिल्या महिन्यात माझ्या वहीत एक तक्ता केला. गावकऱ्यांनी माझ्यासमोर ज्या गोष्टींना 'हेमाडपंती' म्हटले त्यांत अकरा देवळे, चार विहिरी, दोन उंबरठे, शेंदराचा एक आकारहीन दगड, इंग्रजांच्या काळातल्या पुलाचा एक खांब आणि एका पाटलांच्या घरचे उखळ एवढे सापडले. उखळात चुना नव्हता, हे मान्य करणे भाग आहे.

गजभियेजींनी तो तक्ता वाचला आणि ते बराच वेळ हसले.

"पाहा बाई," ते म्हणाले, "मोडी लिपी म्हणते हेमाडपंतानं आणली. बाजरी म्हणते त्यानंच आणली. अन् देवळं म्हणते सारी त्यानंच बांधली. हा माणूस जेवत कधी होता?"

"दंतकथा असतात."

"असू द्या ना. पण त्यातली कितीक देवळं त्याच्या पणजोबाच्याही आधीची आहेत. आईच्या पोटातून नकाशे पाठवत होता का? अन् दगड कोणं फोडला? पाथरवटानं. कोणं वाहिला? आमच्यासारख्यानं. नाव कोणाचं? ज्यानं जिंदगीत एक चिप उचलली नाही त्याचं. मी नाही लिहीत."

ते लिहीत नसत. सहाव्या रकान्यात त्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरात असे काहीतरी असे: 'सांधे कोरडे. दगड घडीव. बांधणाऱ्याचे नाव ठाऊक नाही.' पूर्वीच्या एका साहेबांनी 'शैली स्पष्ट लिहावी' असा शेरा मारून नोंदवही परत पाठवली होती. गजभियेजींनी त्या ओळीत भर घातली: 'शैली चांगली आहे.' त्यानंतर त्यांची बढती तीन वर्षे लांबली. ही हकीकत ते दुसऱ्या कुणाची तरी सांगावी तशी, चहा बशीत ओतता ओतता सांगत.

कोरडा सांधा ओळखण्याची त्यांची पद्धत मला सुरुवातीला अशास्त्रीय वाटली. खिशात दाढीचे एक जुने पाते कागदात गुंडाळलेले असे. ते सांध्यात घालून पाहायचे. शिरले नाही तर सांधा अव्वल. शिरून किरकिरले तर आत चुना. नुसतेच शिरले तर कुणीतरी पूर्वी दुरुस्ती केलेली. मी माझ्या पोलादी मापपट्ट्यांनी चाळीस सांधे स्वतंत्रपणे मोजले आणि दोन्हींचे निष्कर्ष ताडून पाहिले. अडतीस जुळले. उरलेल्या दोनांत चूक माझी होती. त्याच पात्याने ते दाढीही करतात असा कार्यालयात प्रवाद होता; गालांकडे पाहता तो फेटाळता येत नसे.

देवळाच्या पायरीशी ते चपला काढत. पुजाऱ्यांना याचे फार कौतुक वाटे. १९५६ साली नागपुरात बायकोमुलांसह दीक्षा घेतलेला हा माणूस देवळात अनवाणी जातो, याचे एका पुजाऱ्याने जाहीर कौतुक केले तेव्हा गजभियेजींनी चप्पल उलटी करून दाखवली. "खिळे आहेत तळाले. तुमच्या देवाले नाही घाबरत मी, फरशीले ओरखडे येते." मग त्याच पुजाऱ्याने पुढे केलेला नारळाचा तुकडा त्यांनी आनंदाने खाल्ला. प्रसादाविषयी त्यांचा सिद्धान्त सोपा होता: देव तुमचा, खोबरं सार्वजनिक.

सगळेच पुजारी कौतुक करणारे नसत. कामठीच्या पलीकडल्या एका गावातली गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली आणि नंतर नोंदवहीत पडताळून पाहिली. तिथल्या पुजाऱ्याने गाभाऱ्याच्या दारात त्यांना आडनाव विचारले. ऐकल्यावर तो दारातून हलेना. गजभियेजींनी वाद घातला नाही. मोजपट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "मग महाराज, तुम्हीच मोजा. मी बाहेरून लिहितो." पुजाऱ्याने आयुष्यात पट्टी धरली नव्हती. तो आतून आकडे ओरडत गेला आणि हे लिहीत गेले. नोंदवहीत आजही वाचता येते: 'गाभाऱ्याचे माप पूज्य पुजाऱ्यांनी स्वहस्ते घेतले आहे. त्यानुसार गाभारा देवळापेक्षा दीड हात लांब आहे.'

"बदललं नाही तुम्ही?" मी विचारले.

"कायले बदलू? सरकारी दस्तऐवज आहे."

त्या फेब्रुवारीत वरून एक परिपत्रक आले. भिवापूरच्या पुढे एका नदीवर धरण होत होते. बुडीत क्षेत्रातल्या देवळांची यादी मार्चअखेर हवी होती. जी देवळे हेमाडपंती असतील ती दगडन् दगड उकलून सरकारी खर्चाने वर, टेकडीवर, पुन्हा उभी केली जातील. इतर देवळांची फक्त मूर्ती हलवली जाईल. मूर्तीसाठी टिनाची शेड.

म्हणजे बावीस वर्षे ज्या रकान्यावरून चेष्टा चालली होती त्या रकान्यावर आता देवळे जगणार किंवा बुडणार होती. साहेबांनी गजभियेजींना बोलावून परिपत्रकावर बोट ठेवले. "आता तरी लिहाल ना?"

"असंन तर लिहीन," गजभियेजी म्हणाले.

आम्ही चिखलाबोडीला गेलो. नदीकाठचे शंभरएक उंबऱ्यांचे गाव. मध्यभागी लहानसे महादेवाचे देऊळ. देवळाच्या चौथऱ्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, इतक्या की पहिल्या वीस मिनिटांत मला चौदा शिंका आल्या आणि दोन मापे पुन्हा घ्यावी लागली. मिरच्यांची, आणि बहुधा गावाचीही, मालकीण कौसाबाई नावाची साठीची बाई होती. नऊवारीचा काचा मारून ती आमच्यामागोमाग फिरत राहिली.

दगड काळा दिसत होता, पण काळा नव्हता. तेल, धूर आणि शेवाळ खरवडल्यावर आत पिवळट वालुकाश्म निघाला. गजभियेजींनी पाते घातले. ते किरकिरले. मी बाटली काढून सांध्यावर सौम्य ॲसिडचे चार थेंब सोडले. पांढरा फेस फसफसून वर आला.

"अवं माय!" कौसाबाई किंचाळली. "आमचा महादेव उकळून राहिला!"

अर्धे गाव जमले. मी समजावून सांगितले की उकळला तो चुना. गजभियेजींनी ओळंबा गुंडाळला आणि मान हलवली. देऊळ दीडदोनशे वर्षांपलीकडचे नसावे. सांधे चुन्याचे, फटींत दगडाच्या चिपा ठोकलेल्या.

"मंग?" कौसाबाईने विचारले. "आमचं देऊळ नाही हलवत?"

"मूर्ती हलवतील."

"मूर्ती तं मी पदरात घालूनही नेतो गा. देवळाचं काय?" तिने चौथऱ्याकडे हात केला. "गावाचे तीन तुकडे करून राहिले. आम्ही एकीकडं, माझी बहीण दुसरीकडं, माळ्यायची घरं तिसरीकडं. देऊळ नसंन तर साऱ्यायनं भेटावं कोठी? टिनाखाली? मिरच्या वाळवाव कोठी?"

गजभियेजींना कुणी प्रश्न विचारला की ते उत्तर देत, आणि पूर्ण देत. हा त्यांचा दोष मला तोवर गुण वाटत होता. चौथऱ्यावर उभे राहून त्यांनी गावाला पाऊण तास समजावले: हेमाडपंती म्हणजे लोक काय समजतात, सरकार काय समजते, दोन्ही कसे चूक आहे, आणि तरी यादीत बसायचे तर सांध्यात चुना नसावा लागतो. पाते कसे घालायचे तेही दाखवले. लोकांनी इतके लक्षपूर्वक ऐकले की परतीच्या बसमध्ये ते समाधानाने म्हणाले, "समजदार गाव आहे."

बारा दिवसांनी राहिलेली मापे घेण्यासाठी आम्ही पुन्हा गेलो. वेशीवरच पोरे ओरडत धावली. देवळासमोर कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यामागे बायकांची रांग. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या छत्रीची काडी, एकीच्या हातात केसांतला आकडा.

"घाल गा तुझं ब्लेड," ती गजभियेजींना म्हणाली. "अन् तू वं पोरी, टाक तुझं ते ॲसिड. उकळते का पाह्य!"

मी टाकले. थेंब दगडावरून नुसता ओघळला. गावाने बारा दिवस राबून एकूण एक सांधा कोरून काढला होता. चुन्याचा कण शिल्लक नव्हता. चुन्यासोबत, त्या चुन्याचाच भाग समजून, चिपाही निघाल्या होत्या. मी मापपट्टी घातली. पहिल्या भेटीत जो सांधा दोन मिलिमीटर होता तो आता अकरा होता. उत्तरेची भिंत ओळंब्यापासून चार बोटे बाहेर झुकलेली होती, आणि आम्ही पाहत असताना कळसाखालून वाळूची एक बारीक धार सुरू झाली.

"झालं ना हेमाडपंती?" कौसाबाईने विचारले.

गजभियेजी हसू लागले. चौथऱ्यावर, मिरच्यांच्या मधोमध बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी मिरच्यांचे नव्हते असे मी खात्रीने सांगू शकत नाही. मग ते एकदम थांबले. त्यांनी सर्वांना भिंतीपासून लांब व्हायला सांगितले, झुकलेल्या बाजूला बैलगाडीची दोन जोखडे आणि चार लाकडी बल्ल्या टेकवून घेतल्या, आणि मला म्हणाले, "बाई, पेन द्या. पेन्सिलीनं नाही चालत."

नोंदवही मांडीवर घेऊन त्यांनी सहाव्या रकान्यात तो शब्द लिहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"हे खरं नाही," मी म्हणाले. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि असली वाक्ये मला सहज सुचत.

"व्याख्या काय? चुना नाही. आता आहे का चुना? तुम्हीच ॲसिड टाकलं."

"नव्हता आणि काढला, यांत फरक आहे."

"आहे ना. पण रकान्यात 'आहे का' विचारलं आहे. 'होता का' कोणं विचारलं?" त्यांनी शाईवर फुंकर मारली. मग आवाज उतरवून म्हणाले, "देऊळ पाण्यात जाणारच होतं, बाई. पण उभं जाणार होतं. मी इथं उभा राहून शहाणपणा शिकवला, त्यानं पडून राहिलं. हे पाप, का काय म्हणता तुम्ही लोक, हे हेमाडपंताच्या नाही, माझ्या नावावर आहे. तुम्ही तुमचं खरं लिहा. मी नाही थांबवत."

मी खरे लिहिले. माझ्या अहवालाच्या परिशिष्टात दोन्ही भेटींची निरीक्षणे तारखांसह आहेत: पहिल्या भेटीत चुना आढळला, दुसऱ्या भेटीत आढळला नाही. दोन्ही विधाने सत्य आहेत. सरकारी व्यवस्थेविषयी माझा एक निष्कर्ष मात्र त्यातून पक्का झाला: परिशिष्ट कोणी वाचत नाही. साहेबांनी सहावा रकाना पाहिला, गजभियेजींच्या पाठीवर थाप मारली आणि यादी वर गेली.

मंजुरी यायला नऊ महिने लागले. तोवर बल्ल्यांनी भिंत धरून ठेवली आणि माझी तीन महिन्यांची नेमणूक सरकारी रीतीने लांबत राहिली. हिवाळ्यात देऊळ उकलले. गजभियेजींनी प्रत्येक दगडावर रंगाने क्रमांक घातला आणि बैलगाड्यांनी ते टेकडीवर पोहोचवले. मग जी अडचण उभी राहिली ती कुठल्याही तर्कशुद्ध माणसाला आधी दिसायला हवी होती. मला दिसली नव्हती. मंजूर कामात चुनाच नव्हता. हेमाडपंती देवळाला चुना कशाला लागतो?

गवंड्याने तीन थर कोरडे रचून पाहिले. तिसरा थर दुपारी घसरला. "साहेब," तो म्हणाला, "हे दगड चुन्याच्या भरोशावरच घडवले आहेत. याले खाच नाही, खुंटी नाही. राहत नाही हे असं."

चुना मागायचा तर लेखी मागावा लागणार, आणि लेखी मागितला तर कोणीतरी विचारणार की हे कसले हेमाडपंती. गजभियेजी निवृत्तीला टेकले होते. त्यांनी दोन रात्री झोप घेतली नसावी. तिसऱ्या दिवशी ते कौसाबाईकडे गेले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. एवढे पाहिले की आठवड्यात टेकडीमागे चुनखडीची भट्टी पेटली. तीन नव्या वस्त्यांतल्या बायका रोज चालत येऊ लागल्या. भाजलेला चुना विरवायचा, चाळायचा, त्यात बेलाचा गर आणि गुळाचे पाणी घालून मळायचा. एकीने विचारले, "आधी काढाले लावला, आता भराले लावून राहिले. सरकारचं डोकं ठिकाणावर आहे ना?" कौसाबाई तिच्यावर खेकसली, "गप वं. सरकारले नाही माहीत."

रविवार, २१ मे १९७८ रोजी मी निरोप घ्यायला टेकडीवर गेले. परदेशातल्या एका विद्यापीठाचे पत्र आले होते आणि पुढच्या महिन्यात मला निघायचे होते. गजभियेजींना नोकरीचे दहा दिवस उरले होते. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. कोपरापर्यंत हात पांढरे, भुवया पांढऱ्या. गवंडी एक सांधा भरत होता आणि हे दुसरा. पाठीमागून बायका घमेली आणून ओतत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी हात दाखवून माफी मागितली, मान लववली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. निरोप एवढाच झाला.

मी खाली दगडावर बसले. सवयीने वही काढली आणि प्रत्येक घमेल्यामागे एक रेघ ओढू लागले. काही वेळाने त्यांचे लक्ष गेले.

"काय करून राहिल्या?"

"मोजतेय."

"मोजू नका, बाई," भिंतीवरून ते ओरडले. "हेमाडपंती आहे."

बायका हसल्या. गजभियेजींनी थापीचा फटका मारून सांधा बसवला, अंगठ्याने कड पुसली आणि ओळंबा सोडला. त्यानंतर मी त्यांना पाहिलेले नाही. मी मोजत राहिले. उन्हे कलून काम थांबेपर्यंत, एकशे सदतीस घमेली.